एका दिवसांत पाहून येण्याजोगीं जुनीं बंदरें



सुट्टीनंतर शाळा उघडली कीं निबंधाच्या पहिल्या तासाला "सुट्टींत मीं काय पाहिलें" हा विषय घालण्याचा आम्हां शिक्षकांचा जुना परिपाठ आहे. कोणी महाबळेश्वराचें वर्णन करितो, कोणी काश्मीरचें. एका वर्षीं एक मुलगा मात्र कोरें पान पुढें ठेवून बसला होता. कारण विचारतां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, आम्ही कोठेंच गेलों नाहीं. फक्त आठ दिवस मामाकडे नाळ्याला होतों."

त्याचें उत्तर ऐकून मला जितकें वाईट वाटलें, तितकाच आपला स्वतःचा दोषही जाणवला. ज्या नाळ्याला तो आठ दिवस राहिला, त्याच्या अगदीं शेजारीं सोपारें आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक खलाशांनीं ज्याचें नांव आपल्या वहींत टिपून ठेविलें आणि सम्राट् अशोकानें जेथें आपली आज्ञा दगडावर कोरविली, तेंच हें सोपारें. या गोष्टी मुलास ठाऊक नव्हत्या, यांत त्याचा काय अपराध? त्या त्यास कोणीं सांगितल्याच नव्हत्या. मुंबईहून सकाळीं निघून दिवेलागणीस घरीं परतावें, इतक्या अंतरावर अशीं कित्येक स्थळें आहेत. त्यांपैकीं चार स्थळांची, तीन सहलींत पाहतां येतील अशी, माहिती येथें देत आहें. हा लेख विशेषेंकरून त्या मुलासाठीं आणि त्याच्यासारख्या "कोठेंच न गेलेल्या" मुलांसाठीं लिहिला आहे.

बंदर कशानें होतें आणि कशानें मोडतें

निघण्यापूर्वीं एक सामान्य गोष्ट समजून घेतली पाहिजे. समुद्र आहे तेथें बंदर होतेंच असें नाहीं. बंदरास तीन गोष्टी लागतात. पहिली, वाऱ्यापासून व लाटांपासून जहाजांस आसरा देणारी खाडी किंवा नदीचें मुख. दुसरी, पाठीमागें संपन्न मुलूख व तेथील माल किनाऱ्यास आणणारी वाट. तिसरी, त्या वाटेवर आणि त्या धक्क्यावर व्यापाऱ्यास निर्भय ठेवणारें राज्य. या तिहींपैकीं एक जरी नाहींशी झाली तरी बंदराची कळा उतरूं लागते.

कोंकणाच्या पाठीशीं सह्याद्रीची प्रचंड भिंत उभी आहे. तिला जेथें जेथें खिंड आहे, तेथून घाटाची वाट उतरते आणि त्या वाटेच्या शेवटीं बहुधा एखादें जुनें बंदर सांपडतें. नाणेघाटाची वाट जुन्नर व पैठण यांस कल्याण-सोपाऱ्याशीं जोडीत असे. त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राजकुळाचा लेख अद्यापि आहे. कार्ले व कान्हेरी येथील लेण्यांस ज्यांनीं दानें दिलीं, त्यांत सोपारें येथील रहिवाशांचीं नांवेंही आढळतात. लेणीं, घाट व बंदर हीं तीन निरनिराळीं प्रकरणें नसून एकाच वाटेवरचे तीन टप्पे आहेत, हें ध्यानांत ठेवा.

आतां बंदर मोडतें कसें तें पाहा. सह्याद्रीवरून पावसाळ्यांत धांवत येणाऱ्या नद्या आपल्याबरोबर माती आणतात. ती माती खाडीच्या संथ पाण्यांत खालीं बसते आणि वर्षानुवर्षें खाडी उथळ होत जाते. पूर्वीचीं शिडाचीं गलबतें हलकीं असत. भरतीबरोबर तीं आंत येत, ओहोटीस चिखलांत खुशाल बसत आणि पुढील भरतीस निघून जात. पुढें जहाजें मोठीं झालीं, त्यांस खोल पाणी लागूं लागलें आणि गाळानें भरलेल्या खाड्या त्यांच्या कामाच्या राहिल्या नाहींत. कांहीं बंदरें मात्र गाळानें नव्हे तर राजकारणानें मोडलीं. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाची किनाऱ्याचें वर्णन करणारी पोथी आज उपलब्ध आहे. तींत तो कल्याणविषयीं लिहितो कीं, पूर्वीं तेथें कायदेशीर पेठ होती. परंतु आतां तेथें चुकून गेलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत घालून भडोचास नेण्यांत येतें. दोन राज्यांचें भांडण होतें आणि भरली पेठ ओस पडते, याचें याहून स्पष्ट उदाहरण कोणतें द्यावें?

पहिली सहल : सोपारें आणि वसई

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावर उतरून पश्चिमेस निघावें. दोहों बाजूंस इमारतींची इतकी दाटी आहे कीं, येथें कांहीं प्राचीन असेल अशी शंकाही येत नाहीं. "बुरुड राजाचा कोट" कोठें, असें विचारीत जावें. तेथें पोंचल्यावर कोट दिसत नाहीं; दिसतो तो विटांचा व मातीचा एक गोलसर उंचवटा. पुष्कळ मुलें येथें निराश होतात. त्यांनीं खालील हकीकत मनांत आणून त्या उंचवट्याकडे पुन्हां पाहावें.

१८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं हा उंचवटा खणविला. भगवानलाल हे मूळचे जुनागडचे. त्यांस इंग्रजी शाळेचें शिक्षण फारसें लाभलें नव्हतें. परंतु गिरनारच्या शिळेवरील अक्षरें वाचण्याचा ध्यास त्यांनीं लहानपणीं घेतला. पुढें मुंबईंत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या आश्रयास राहून त्यांनीं तो ध्यास इतका वाढविला कीं, हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी दिली. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे. मध्यभागीं खणतां खणतां एक मोठी दगडी पेटी लागली. तींत तांब्याचा करंडा होता. तांब्याच्या करंड्यांत चांदीचा, चांदीच्यांत दगडाचा, दगडाच्यांत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यांत सोन्याचा, असे एकांत एक करंडे निघाले. सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंड्यांत काय असावें? सोन्याच्या फुलांबरोबर एका मातीच्या भांड्याचे कांहीं तुकडे! हे तुकडे भगवान् बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत अशा श्रद्धेनें ते तेथें ठेविले असावेत, असें विद्वानांचें मत आहे. सोन्याचें मोल मातीपेक्षां अधिक, हा आपला हिशेब. त्या लोकांनीं सोन्यास मातीचें रक्षण करावयास बसविलें होतें. पेटींत आठ लहान ब्राँझच्या मूर्ति व यज्ञश्री सातकर्णीचें चांदीचें नाणेंही मिळालें.

त्याच वर्षीं त्यांस येथें एका फुटक्या शिळेवर अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा सांपडला. पुढें १९५६ मध्यें जवळच्याच भुईगांव येथें नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. आठव्या आज्ञेचा विषय आपल्या आजच्या विषयाशीं जुळणारा आहे. अशोक सांगतो कीं, पूर्वींचे राजे मौजेच्या यात्रांस जात. त्या यात्रांत शिकार व असलेच दुसरे खेळ चालत. मीं मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षीं बोधिवृक्षाच्या स्थानीं जाऊन धर्मयात्रेचा आरंभ केला. या यात्रेंत ब्राह्मणांस व श्रमणांस भेटणें, वृद्धांचें दर्शन घेणें, दानधर्म करणें आणि खेड्यापाड्यांतील लोकांशीं बोलणें, हीं कामें होतात, आणि यांतच मला अधिक आनंद वाटतो. बावीसशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका सम्राटानें सहल कशी करावी हें सांगितलें आणि तें सोपाऱ्याच्या बाजारपेठेजवळ कोरून ठेविलें. ती शिळा आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. सोपाऱ्यास जाऊन आल्यावर ती अवश्य पाहावी.

बायबलांत शलमोन राजाच्या जहाजांनीं ओफीर येथून सोनें आणल्याचें वर्णन आहे. तें ओफीर म्हणजेच सोपारें, असा तर्क कांहीं पंडितांनीं केला होता. परंतु तो सिद्ध झालेला नाहीं. आकर्षक तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतला भेद ओळखणें हाही इतिहासाचा एक धडाच आहे.

दुपारीं वसईस यावें. वसई रोड स्थानकापासून किल्ला कांहीं अंतरावर आहे. तेथपर्यंत बस मिळते. वाटेंत केळीच्या व भाजीपाल्याच्या वाड्या लागतात. येथील सुकेळीं प्रसिद्ध आहेत. खाऊसाठीं घेतलेल्या पैशांचा त्यांहून चांगला उपयोग होणार नाहीं.

वसईचा इतिहास तीन सालांत सांगतां येतो. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. दोन वर्षांनीं त्यांनीं किल्ल्याचें काम आरंभिलें आणि पुढें दोनशें वर्षें वसई ही त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होती. किल्ला म्हणण्यापेक्षां तें तटबंदीच्या आंतलें एक शहरच होतें. भुईच्या बाजूस एक दरवाजा व खाडीच्या बाजूस एक दरवाजा, आणि मध्यें रस्ते, वाडे, मठ व प्रार्थनामंदिरें. त्यांच्या उंच भिंती व कमानी आज छपरावांचून उभ्या आहेत. फ्रान्सिस्कन पंथाच्या मंदिरांत जमिनीवर बसविलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. त्यांवरून चालतांना पाऊल आपोआप हळू पडतें. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा. त्यांस १५९७ मध्यें जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर देण्यांत आलें आणि १८६२ मध्यें रोम येथें संतपद देण्यांत आलें.

दुसरें साल १७३९ चें. पोर्तुगीज अमलांत या प्रांतांतील देवळें पाडलीं गेलीं व धर्माच्या बाबतींत रयतेवर जुलूम झाला, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. रयतेची गाऱ्हाणीं पुण्यास पोंचलीं होतीं. चिमाजीअप्पांनीं वसईस वेढा घातला. तट मजबूत, खाडीकडून मदत येण्याची सोय, आंतील शिबंदी शूर. शेवटीं मराठ्यांनीं सुरुंग लावून बुरूज उडविला व भगदाडांतून हल्ला चढविला. दोन्ही पक्षांकडील माणसें फार पडलीं. मे महिन्यांत पोर्तुगीजांनीं किल्ला सोडण्याचें कबूल केलें. तेव्हां चिमाजीअप्पांनीं त्यांस शस्त्रांसह, निशाणें फडकवीत व वाद्यें वाजवीत सन्मानानें जाऊं दिलें; मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. ज्या तहांत जिंकलेला पक्ष इतका उदार होतो, तो तह शाळेंत पाठ करण्याच्या योग्यतेचा आहे. येथील मंदिरांच्या घंटा मराठ्यांनीं नेल्या. त्यांपैकीं एक भीमाशंकरास आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत आहे. तेथें गेलां तर त्या घंटांकडे या दृष्टीनें पाहा. एके काळीं प्रार्थनेस बोलाविणारी घंटा दुसऱ्या ठिकाणींही देवाच्याच दारीं टांगली गेली.

तिसरें साल १८०२ चें. डिसेंबरच्या ३१ तारखेस दुसऱ्या बाजीरावानें याच वसईस इंग्रजांशीं तह करून त्यांची फौज आपल्या पदरीं घेतली, म्हणजे वास्तविक आपण त्यांच्या पदरीं पडला. चिमाजीअप्पांचा विजय आणि हा तह यांमध्यें अवघीं ६३ वर्षें आहेत. एकाच तटावर उभें राहून या दोन्ही गोष्टींचा विचार केला असतां मन गंभीर होतें.

वसईचें वैभव मात्र केवळ लढाईनें गेलें असें नाहीं. १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगालच्या राजानें मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. वसईच्या दक्षिणेस जवळच एक खोल पाण्याचें बंदर परक्याच्या हातीं गेलें. देतेवेळीं त्याचें मोल फार थोड्यांनीं ओळखलें होतें. पुढें सारा व्यापार तिकडे वळला.

दुसरी सहल : चौल, रेवदंडा आणि कोर्लई

या सहलीस पहाटे निघावें. मुंबईहून मांडव्यास जलमार्गानें जाऊन तेथून बसनें अलिबागेवरून चौलास जातां येतें. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो व बोटी बंद राहण्याचा संभव असतो. म्हणून सहलीसाठीं हिंवाळाच उत्तम.

चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेलें गांव आहे. रामेश्वराचें देऊळ, त्यापुढील तळें, टेकडीवरील दत्त आणि सभोंवार वाऱ्याबरोबर डोलणारीं झाडें. परंतु नांवांची परंपरा पाहा. ग्रीकांनीं यास सिमुल्ल म्हटलें, कान्हेरीच्या लेखांत तें चेमुल आहे, अरबांनीं सैमूर म्हटलें. अरब प्रवासी मसूदी ९१६ च्या सुमारास येथें आला, तेव्हां या एका शहरांत सुमारे दहा हजार मुसलमान व्यापारी व त्यांचे वंशज सुखानें राहत असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे.

१४६९ च्या सुमारास रशियांतील त्वेर शहरचा अफनासी निकितिन नांवाचा व्यापारी चौलास उतरला. वास्को द गामा कालिकतास येण्यापूर्वीं जवळजवळ तीस वर्षें. विकण्यासाठीं त्यानें एक घोडा बरोबर आणिला होता. आपण जेथें जाऊं तेथें माणसांचा घोळका मागें येतो व गोऱ्या माणसाकडे नवलानें पाहतो, असें तो लिहितो. चौलाहून तो घाट चढून जुन्नरास गेला. तेथील खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही देईन व वर मोहराही देईन, असें सांगितलें. निकितिनानें धर्म सोडला नाहीं. पुढें एका ओळखीच्या माणसाच्या रदबदलीनें त्याची सुटका झाली व घोडाही परत मिळाला. स्वदेशीं परततांना वाटेंत त्याचा अंत झाला. परंतु त्याची प्रवासवही राहिली. रेवदंड्यास त्याचें स्मारक उभारलेलें आहे.

चौलाला लागूनच, कुंडलिका नदीच्या मुखाशीं, रेवदंडा आहे. १५०८ मध्यें या पाण्यांत मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूस मिसरचा अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाज, दुसऱ्या बाजूस पोर्तुगीज. पोर्तुगीजांचा नायक लोरेंसो द आल्मेइदा हा त्यांच्या गव्हर्नराचा मुलगा होता. तो येथें मारला गेला. गोळ्यानें पाय निकामी झाल्यावरही तो डोलकाठीशीं बसून हुकूम देत होता, असें पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. पुढल्याच वर्षीं बापानें दीव येथें त्याचा सूड घेतला. १५२१ मध्यें निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास किल्ला बांधण्यास आरंभ केला. त्या तटाच्या आंत आज रेवदंडा गांव सुखानें नांदत आहे. कोणाची विहीर तटाला लागून, कोणाची वाडी पडक्या मठाच्या अंगणांत! एका उंच मनोऱ्यास लोक "सातखणी" म्हणतात. तो फ्रान्सिस्कन मंदिराचा मनोरा होय.

नदीपलीकडे समुद्रांत घुसलेल्या उंच डोंगरी टोकावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं तो निजामशाहीकडून घेतला. १७४० च्या तहानें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं आणि पोर्तुगीज अधिकारी येथून निघून गेले. परंतु एक वस्तु मागें राहिली, तीच पाहण्यासाठीं, किंबहुना ऐकण्यासाठीं, कोर्लईस जावें. गडाच्या पायथ्याच्या गांवांत सुमारे हजारभर ख्रिस्ती लोक घरांत एक निराळी भाषा बोलतात. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, तर वाक्याची घडण पुष्कळशी मराठी. ते तिला "नौ लिंग", म्हणजे "आमची भाषा", म्हणतात. किल्ल्याचे चिरे ढासळले, तोफा गंजल्या, राज्यें आलीं आणि गेलीं. आयांनीं मुलांस झोपवितांना जी भाषा वापरली, ती मात्र पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ टिकली. आतां तेथील मुलें मराठी शाळेंत शिकतात, कामासाठीं बाहेरगांवीं जातात आणि ती भाषा बोलणारीं घरें कमी होण्याचें भय आहे. तुमच्या घरीं आजी जे शब्द वापरते व तुम्ही वापरीत नाहीं, त्यांची एकदां मोजदाद करा. म्हणजे भाषा कशी जाते, हें समजण्यास कोर्लईपर्यंत जाण्याचीही गरज राहणार नाहीं.

चौलाचा ऱ्हास हळूहळू झाला. सुरत वाढली, मग मुंबई वाढली. व्यापाऱ्यांनीं आपल्या पेढ्या हलविल्या. बंदर रिकामें झाल्यावर वाड्या उरल्या, आणि जे लोक पूर्वीं जहाजांची वाट पाहत ते आतां पावसाची वाट पाहूं लागले.

तिसरी सहल : अलिबाग आणि कुलाबा किल्ला

अलिबागेच्या किनाऱ्यासमोर पाण्यांत कुलाबा किल्ला आहे. शिवछत्रपतींनीं १६८० मध्यें त्याचें काम आरंभिलें व संभाजीराजांच्या वेळीं तें पुरें झालें. पुढें हें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें प्रमुख ठाणें झालें. इंग्रज व पोर्तुगीज यांनीं १७२१ मध्यें एकजुटीनें चढाई केली, तरी त्यांस हा किल्ला घेतां आला नाहीं. कान्होजी १७२९ मध्यें वारले, तोंपर्यंत या किनाऱ्यावर त्यांचा दरारा कायम होता. तटाचे दगड पाहा. मोठमोठे चिरे चुन्यावांचून एकमेकांवर रचले आहेत. लाट आदळली कीं पाणी फटींतून आंत शिरतें आणि तिचा जोर मोडतो. आंत गणपतीचें देऊळ व गोड्या पाण्याचें तळें आहे. खाऱ्या समुद्राच्या मध्यभागीं गोडें पाणी, हें या किल्ल्याचें खरें बळ.

ओहोटीच्या वेळीं किल्ल्यांत पायीं जातां येतें. येथें माझ्या एका चुकीची कबुली देतों. मी नवा शिक्षक असतांना वीस मुलें घेऊन तेथें गेलों. इतिहास तोंडपाठ करून आलों होतों. भरतीची वेळ मात्र विचारली नव्हती. देवळाजवळ बसून मीं कान्होजींच्या पराक्रमाचें व्याख्यान दिलें आणि बाहेर येऊन पाहतों तों परतीच्या वाटेवर पाणी चढलेलें. लहान मुलें रडूं लागलीं. एका वृद्ध कोळ्यानें आपली होडी आणून तीन खेपांत आम्हां सर्वांस पैलतीरास लाविलें. पैसे देऊं लागतां त्यानें ते घेतले नाहींत. तो इतकेंच म्हणाला, "मास्तर, तुमच्या पुस्तकांत भरतीची वेळ लिहिलेली नसते काय?"

त्या दिवशीं त्यानें मला जो हिशेब शिकविला, तो तुम्हांस सांगतों. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून सहा वाजतां भरती, आणि पुढें सुमारे सहा तासांनीं, बारा वाजतां, ओहोटी. चतुर्थीस तीन वाजतां भरती, नऊ वाजतां ओहोटी. चंद्र दररोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येतो व त्याच्याबरोबर भरतीही तितकीच मागें पडते. हें भूगोलाच्या पुस्तकांतील तत्त्व कोळ्यांनीं पाऊणकीच्या पाढ्यांत बसविलें आहे. हा हिशेब स्थूल आहे. म्हणून पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं किनाऱ्यावरील माणसांस विचारावेंच.

अलिबागेस आणखी दोन गोष्टी पाहाव्या. एक, पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन करणारी वेधशाळा. ती पूर्वीं मुंबईंत कुलाब्यास होती. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्यांच्या विजेनें नाजूक उपकरणें बिघडतील, म्हणून १९०४ मध्यें अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. तिच्या बांधकामांत लोखंड टाळलें आहे. ट्रामगाड्या १९६४ मध्यें बंद झाल्या; वेधशाळेचें काम मात्र चालूच आहे. दुसरी गोष्ट, जवळचें नवगांव. फार पूर्वीं तेथें एक जहाज फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्यास लागल्या, त्यांचे आम्ही वंशज, असें बेने इस्राएल लोक परंपरेनें सांगतात. तेल गाळण्याचा धंदा करून ते खेड्यापाड्यांत राहिले आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस "शनवार तेली" म्हणत. त्यांनीं मराठी ही मातृभाषा केली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलांत गेले. तेथेंही त्यांनीं "मायबोली" नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. समुद्रानें त्यांस आणिलें, या किनाऱ्यानें ठेवून घेतलें, आणि जातांना ते येथील भाषा बरोबर घेऊन गेले.

कसें पाहावें

सहलीस जातांना एक वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, टोपी व घरची शिदोरी पुरे. पालकांस विनंति एवढीच कीं, मुलांबरोबर एक दिवस आपणही जावें. मुलाच्या प्रश्नास "मला ठाऊक नाहीं, आपण विचारूं" असें उत्तर देण्यांत कमीपणा नाहीं. प्रत्येक ठिकाणीं पुढील चार प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहावीं : येथें पाणी कोठून येत होतें? माल कोणत्या वाटेनें येत होता? येथें कोणाचें राज्य होतें? आणि आतां येथें कोण राहतें व काय करितें? चौथा प्रश्न विसरूं नये. जुन्या गांवांतील माणसें हीं कांहीं अवशेषांच्या चित्रांतील बाहुलीं नव्हेत. तें त्यांचें घर आहे. म्हाताऱ्या माणसांशीं आदरानें बोलावें. पुस्तकांत नाहीं असें पुष्कळ त्यांच्यापाशीं असतें.

एक गोष्ट मात्र अगदीं करूं नये. मी तुमच्या वयाचा असतांना एका जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्यानें आपलें नांव कोरून आलों होतों. पुष्कळ वर्षांनीं तेथें परत गेलों, तेव्हां तें मला पहिल्याच दृष्टिक्षेपांत सांपडलें. त्याच्या वरच्या बाजूस जुन्या शिळालेखाचीं अक्षरें वाऱ्यापावसानें झिजून वाचतां येईनाशीं झालीं होतीं, आणि त्यांच्या खालीं माझें निरर्थक नांव ठसठशीत होतें. तें पुसण्याचा मीं प्रयत्न केला. परंतु पुसण्यासाठीं भिंत आणखी खरडावी लागली असती, म्हणून हात आवरला. तें नांव आजही तेथें असेल. सोपाऱ्याचा स्तूप शतकानुशतकें मातीखालीं सुरक्षित राहिला आणि वर आल्यावर मात्र त्यास माणसांचें भय उत्पन्न झालें, हें आपल्यास भूषणावह नाहीं. चिरा उचलूं नये, खापर खिशांत घालूं नये, कागद व साली टाकूं नयेत. एवढें पाळणें फार कठीण नाहीं.

शेवटीं त्या कोरें पान ठेवणाऱ्या मुलाविषयीं. त्याला मीं दुसऱ्या दिवशीं सोपाऱ्याची हकीकत सांगितली आणि पुढच्या रविवारीं मामास घेऊन बुरुड राजाचा कोट पाहून ये, असें सुचविलें. तो गेला. सोमवारीं त्यानें माझ्या हातीं चार पानांचा निबंध ठेविला. त्यांत अशुद्धें पुष्कळ होतीं. परंतु शेवटीं त्यानें लिहिलें होतें कीं, मामा तीस वर्षें त्या उंचवट्यावरून जात-येत होते, त्यांनाही हें ठाऊक नव्हतें, आणि आतां ते येणाऱ्या-जाणाऱ्यांस सांगत असतात. त्या निबंधास मीं वर्गांतील सर्वांत अधिक गुण दिले. पुढील सुट्टी जवळ आली आहे. तुमच्याही निबंधांची मी वाट पाहत आहें.